लामाच्या कानातली लाल लोकर

ती. आईस,

फेलिसाचा ब्वेनोस आयरेसहून नमस्कार. मी वेळेवर जेवते, तुझी शाल रोज घेते. खोकला जवळजवळ गेलाच.

आपली लामा पिंतादा इथे प्रयोगशाळेत मजेत आहे. मानेतून जरासं रक्त घेतात, तेवढंच; मग ती डॉक्टरीणबाईंवर थुंकते. त्या रक्तातून आम्ही काढलेली अँटिबॉडी माणसाच्या पेशीतलं एकच प्रथिन बरोबर हुडकून काढते. दिवस कधी, रात्र कधी हे अंगाला सांगणारं प्रथिन.

शेजाऱ्यांच्या कळपाशी गल्लत नको म्हणून आपण लामांच्या कानांत लाल लोकर ओवतो ना, तशी मी तिच्या रक्ताच्या नळ्यांना बांधली होती. बाई हसल्या, "अगं, नळ्या काय डोंगरावर चरायला पळणारेत?"

सोमवारी फ्रीजर बंद पडला. बर्फ वितळून चिठ्ठ्यांवरची शाई पुसली गेली. दोनशे नळ्या, सगळ्या सारख्या! ओळखू आल्या त्या फक्त आपल्या. बाईंनी माझे दोन्ही हात धरले. "तुझ्या आईचे उपकार झाले गं. आणखी लोकर मागव."

तर लोकर पाठव. पिंतादाला माझ्या हवाली केलंस, त्याचे उपकार मी कसे फेडू?

तुझा गुडघा कसा आहे? खरं सांग.

बाबा अजून रात्री जागतात आणि दुपारी झोपतात का? खाणीतल्या रात्रपाळ्यांनी अंगातलं हेच घड्याळ बिघडतं, आई. आपण दोघी त्यांना आळशी म्हणायचो. आज दुपारी माझ्या वतीनं त्यांच्या अंगावर पांघरूण घाल.

तुझ्याच कळपातली,
फेलिसा