काळ्यातून काढलेला तांबूस

मी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा कापडावर रंग चढवणे आणि उतरवणे, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय, माझ्या हाताने लिहीत आहे. डॉक्टरीणबाईंनी आज सकाळी तपासून दाखला दिला आहे. डोके ठिकाणावर आहे; बोटे तेवढी कायमची निळी आहेत.

१. राहते घर स्वकष्टार्जित आहे. माझ्या पश्चात ते लेकीला मिळावे. मोरीच्या फरशीवरचे डाग तिने घासू नयेत. निघत नाहीत, मी पाहिले आहे.

२. यजमान गेल्यावर मी धाकट्या दिरांच्या रंगाच्या कारखान्यात कामाला लागले. एकदा माझ्या हातून ब्लीचचा डबा काळ्या ताग्यावर कलंडला आणि काळ्यातून विस्तवासारखा तांबूस वर आला. मी बघतच राहिले. दीर म्हणाले, "वहिनी, आम्ही रंग चढवायचा आणि तुम्ही उतरवायचा? उद्यापासून येऊ नका." नासलेला तागा माझ्याच गळ्यात मारला.

३. त्या ताग्याचे तुकडे करून मी ब्रशने ब्लीच लावत चित्रे काढू लागले. चित्र झकास उठायचे, पण आठ दिवसांत कापडाची चाळण. कितीही धुतले तरी आत राहिलेले ब्लीच कापड खातच राही. अशी दोन वर्षे गेली. लेक म्हणे, "आई, पुरे कर आता." शेवटी शेजारचे फोटोवाले म्हणाले, "आमच्याकडचं फोटो धुवायचं हायपो घालून बघा. ब्लीच मरतं त्यानं." घातले. महिना उलटला, तुकडा शाबूत! मग उतरलेल्या जागी मी निळा भरला, पिवळा भरला. त्या दिवशी अंगणात एकटीच नाचले. तो पहिला टिकलेला तुकडा फोटोवाल्यांना द्यावा.

४. ताग्याचे उरलेले अकरा मीटर चित्र होऊन आज शहरातल्या कलादालनाच्या दर्शनी भिंतीवर आहेत. उद्घाटनाला दीर आले. बराच वेळ उभे राहून त्यांनी विचारले, "हा काळा कुठल्या कारखान्याचा? काम पक्कं दिसतंय."

"तुमचाच, भावजी."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "वहिनी, मला शिकवाल?"

शिकवते आहे. हात जड आहे, पण चिकाटी आहे. माझे सगळे ब्रश त्यांना, एका अटीवर: ब्लीच लावताना खिडकी उघडी ठेवावी आणि तोंड बंद.

५. प्रयोगांच्या सात वह्या कलाशाळेच्या ग्रंथालयात ठेवाव्यात. ज्याला हवे त्याने उतरवून घ्यावे. फसलेल्या प्रयोगांची पाने कोणी फाडू नयेत. शिकायचे ते तिथेच आहे.

६. सध्या चौकटीवर गडद हिरवे कापड ताणले आहे. त्यातून गुलाबी निघत नाही, असे जाणकार म्हणतात. काल एका कोपऱ्यात नखाएवढा निघाला. बाकीचे कापड अजून व्हायचे आहे, तेव्हा वारसांनी घाई करू नये.

हे सर्व मी साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवले आणि त्यांच्यासमोर सही केली.

साक्षीदार: डॉक्टरीणबाई (सही), गल्लीतले शिंपीकाका (सही)
ठिकाण: घराची मागची खोली, दारे-खिडक्या उघड्या
दिनांक: ९ मार्च, सकाळी अकरा. ऊन चांगले आहे, कापड झटकन वाळेल.