दहावीपर्यंत टिकेल असा लॅपटॉप

१४ मार्च, शनिवार

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही सगळे बरे आहोत, तुम्ही मायलेकीही बऱ्या असाल. फोन उचलत नाही म्हणून तू चिडली असशील. चिडच. तुझा आवाज ऐकला की मी पुन्हा खोटं बोलेन, म्हणून लिहितोय.

भाचीसाठी कुठल्या कंपनीचा लॅपटॉप घ्यावा, असं विचारलंस. 'दहावीपर्यंत टिकला पाहिजे' म्हणालीस. दुकानात आम्ही कंपन्यांना टोपणनावं ठेवलीत. चंदेरी, पातळ, तो पाहुणा. चार दिवस गोड वागतो आणि वर्षभरात बिजागरी मोडून घेतो. महागडा, तो जावई. त्याला चार्जर त्याचाच लागतो, आणि पार्ट मागवला की महिनाभर रुसून बसतो. स्वस्तातल्या रंगीत कंपनीचं तर नावच काढू नकोस, बॅटऱ्या फुगतात त्यांच्या. काळा, जाडा, तो पैलवान. उचलायला नकोसा, पण पडला, आपटला, चहा सांडला तरी उठून उभा राहतो. पैलवानच घे.

भावजींचाही पैलवानच होता. नऊ वर्षं वापरला त्यांनी.

ताई, त्यांच्या त्या लॅपटॉपचा पार्ट येतोय, येतोय म्हणत मी तुला पाच महिने झुलवतोय. पार्ट कसला? बिजागरीचा एक स्क्रू ढिला झाला होता. दहा मिनिटांचं काम.

गिऱ्हाइकाच्या मशीनला आल्या आल्या चिठ्ठी लावतो आम्ही. चिठ्ठी नसलेलं ते जुनं, विकायचं. तुझ्या मशीनला मी चिठ्ठी लावली नाही. घरचं काम, त्याला कसली चिठ्ठी! घरचं म्हणून मागेही टाकलं. आठवड्यानं विकायच्या मशीनांमधलं जुनं सगळं पुसायला बसलो आणि त्यांच्याबरोबर तेही पुसलं. मीच पुसलं. वर नवीन सिस्टिमसुद्धा भरली. मग झाकणाच्या आतल्या बाजूला भाचीनं चिकटवलेलं मांजर दिसलं.

दोघा जाणकारांना दाखवलं. दोघांनीही हात टेकले. भावजींनी दवाखान्यातून घरी आल्यावर धापा टाकत तिच्यासाठी बोलून ठेवलेलं आठवी ते दहावीचं गणित, एकूण एक धडा गेला. 'आधी दुसरीकडे कॉपी करून घेऊ' असं तू म्हणत होतीस. मीच म्हणालो, 'मी आहे ना!' मेल्याहून मेल्यासारखं झालंय.

आठवी सुरू झाली की ती विचारेल. लॅपटॉप बिघडला असं सांगू नकोस. तो अजूनही ठणठणीत आहे. मामानं पुसलं म्हण. तिला माझं तोंड बघायचं नसेल तर मी येणार नाही.

माझ्या फोनवर भावजींचा एक निरोप सापडला, नऊ सेकंदांचा. 'अरे, छत्री राहिली तुझी. परत ये, नाहीतर भिजशील.' एवढंच आहे त्यात. तिला पाठवू का, तूच सांग.

तुला अजून म्हणवत असेल तर,
तुझा भाऊ