आठांचा आशीर्वाद

रत्नागिरी, ता. ६ मे १९३१

ती. सौ. तुळसाआत्यास महिपतचा कृ. सा. न. वि. वि.

आत्या, माझं लग्न तू मोडलंस! आप्पांनी होकार-नकार तुझ्यावर सोपवला, म्हणून राहीला आणि तिच्या आईला घेऊन सावर्ड्यास आलो. ती पाया पडली आणि तू झटकन म्हणालीस, आठ मुलग्यांची आई हो. ती मुलींच्या शाळेत मास्तरीण. तिने हसून एवढंच विचारलं, की आत्याबाई, दोनांत भागेल का? बाळंतपणाची रजा बिनपगारी, तिसऱ्या खेपेस कमिटी जागाच दुसरीला देते, आणि नोकरी तिला सोडायची नाही. यात उठून आत जाण्यासारखं काय होतं? तेव्हापासून राही बोलत नाही. वाटेत दिसलो तर छत्री आडवी धरते. तुझा नकार आला तर मी बोटीवर खलाशी होऊन एडनला जाईन!

रागावलोय, तरी तुझा लोभ हवाच.
महिपत


सावर्डे, ता. ११ मे १९३१

चि. महिपतास अनेक आशीर्वाद. (नुसतेच, आकडा घातलेला नाही.)

मेल्या, कॉलेज अर्धं सोडलंस तेव्हा अक्कलही तिथेच ठेवून आलास काय? मी आत गेले ती हसू आवरेना म्हणून. ओटीवर चार बायका बसलेल्या! मी सात बाळंतपणं काढली. किती हवीत, हे मला कुणी विचारलं नाही आणि मलाही विचारायचं सुचलं नाही. पोर मला आवडली.

पण मी आत गेल्यावर तू काय ओरडलास, ते लिहायचं बरं विसरलास! आत्या, आठ काय, दहा होतील! माजघरात ऐकू आलं. राही रुसली ती तुझ्यावर. तिने मला लिहिलंय, की ती शाळेत गेल्यावर दहांना न्हाऊ कोण घालणार, ते आधी ह्यांना विचारा.

आमची सगुणा जुळी घेऊन माहेरी आलीय. ये नि पोरांना सांभाळ. माझा होकार त्यानंतर. एडनचं म्हणशील तर तुला जयगडच्या होडीतच ओकारी होते.

लोभ आहेच, तो मागावा लागत नाही.
तुळसाआत्या


सावर्डे, ता. १९ मे १९३१

कु. राहीस स. न. वि. वि.

एक झोपलं की दुसरं उठतं. माझा एकही सदरा कोरडा नाही. दहा हा शब्द मी मागे घेतो. आठही. आत्याने आज होकार दिला. तू शाळेत असशील तेव्हा पोर मी बघेन, हे शपथेवर लिहितो. फक्त विचारतो, एकाने भागेल का?

छत्री मिटावी, ही विनंती.
महिपत


रत्नागिरी, ता. २३ मे १९३१

रा. रा. महिपतराव यांस स. न. वि. वि.

दहा म्हणताना मला विचारलं नव्हतंत. एक म्हणताना विचारलंत, म्हणून हे उत्तर. दोनच. शाळा उघडायच्या आत मुहूर्त धरावा, असं आईने आत्याबाईंना कळवलं आहे. तोवर तिथेच राहावं. जुळ्यांना रोज न्हाऊ घालून हात बसू द्यावा. एकट्याने. आत्याबाईंना मी विचारणार आहे.

लोभ कोरड्या सदऱ्याची वाट न पाहता वाढवावा.
राही