प्रज्ञाची पत्रिका, हिरव्या दोऱ्याची मिंट

रवि. २ नोव्हेंबर
कॉम्प्युटर चालू होईपर्यंत चहा होतो, पिऊन होतो, कप धुऊनही होतो. आज स्क्रीनवर निरोप आला: या विंडोजला आता अपडेट मिळणार नाहीत आणि नवी तुमच्या मशीनला चालणार नाही. थोडक्यात, म्हातारा झाला. माझ्यासारखाच रिटायर.

प्रज्ञाची लग्नपत्रिका टाइप करताना पुन्हा गोठला. प्रज्ञा म्हणजे माझ्या भावाची, पंडितदादाची मुलगी, लग्न १४ डिसेंबरला घाटकोपरला. आमच्या घरातली एकूण एक पत्रिका मी टाइप केली आहे. दादाला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "शैले, जमत नसेल तर बाहेरून करून घेतो गं. टेन्शन नको घेऊ." प्रेमानेच म्हणाला. पण लागलं.

मंगळ. ४
मयूरीचा पुण्याहून फोन. "आई, नवा लॅपटॉप पाठवते. आणि आता टायपिंग कशाला? आराम कर ना." मुलगी चांगली आहे, ऐकत नाही एवढंच.

नवा लॅपटॉप आला तरी माझं जुनं मराठीचं सॉफ्टवेअर त्यावर चालणार नाही. आणि नव्यात अक्षरं भलत्याच बटणांवर. नोकरीभर टाइपरायटरवर बसले, बोटांना तीच मांडणी पाठ. या वयात बोटांना शाळेत घालायचं?

भीती वाटते. हे काम गेलं तर दिवसभर करू काय? दिलीपला (नवरा, यापुढे दि., तेवढीच शाई वाचेल) विचारलं तर म्हणे, "माझ्याबरोबर हास्यक्लबात ये." त्यापेक्षा भीती बरी.

गुरु. ६
अँजेलाला फोन. ऑफिसात तिची माझी खुर्ची शेजारी. मरोळ गावठाणात राहते, चर्चमधल्या मराठी मिस्साच्या गाण्यांचे कागद तीच टाइप करते. तिचं मशीन माझ्याहून जुनं, तरी पळतं. कसं विचारलं, तर "लिनक्स. विंडोजच्या ऐवजी."

म्हटलं, ते कॉम्प्युटरवाल्यांचं असतं ना? "मी कॉम्प्युटरवाली आहे काय गं? फुकट आहे म्हणून नाही, झेपतं म्हणून सांगते. तीन-चार जाती आहेत नवशिक्यांसाठी. शनिवारी येते. आधी चालवून बघ, मग ठरव. तुझ्या मशीनला हातसुद्धा लागत नाही."

हे शेवटचं वाक्य आवडलं. साड्यासुद्धा मी अंगावर टाकून बघितल्याशिवाय घेत नाही.

शनि. ८
अँजेला आली, बरोबर बोंबलाचं लोणचं आणि तीन पेन ड्राइव्ह. तिन्हींना लोकरीचे दोरे: लाल उबुंटू, निळी झोरिन, हिरवी मिंट. मशीन चालू करताना F12 दाबत राहायचं आणि पेन ड्राइव्ह निवडायचा, की विंडोजला न उठवता हे चालू.

उबुंटू: भारदस्त. पण सगळं डावीकडे उभं, आणि आमच्या म्हाताऱ्याला दम लागला. झोरिन: देखणी. दि. म्हणाला, "हीच घे." त्याची निवड दिसण्यावरून असते, म्हणून तर माझ्याशी लग्न केलं, असं मी म्हणाले. मिंट: खाली डाव्या कोपऱ्यात मेनू, फायली जिथे असायला हव्यात तिथे. सासरी गेल्यावर मिठाचा डबा पहिल्याच फळीवर सापडावा तसं झालं. आणि पळते झकास.

जीव भांड्यात पडला. मिंट. अँजेला लाल-निळे दोरे परत घेऊन गेली.

रवि. ९
मराठी कीबोर्ड लावला. नाव टाइप केलं, शैला. भलतंच उमटलं. परत केलं, परत तेच. बोटं त्यांच्या जागी बरोबर, अक्षरंच दुसऱ्या घरी राहायला गेलेली.

रडू आलं. दि. ने पाहिलं. "बाहेरून करून घेऊ या का?" दादाचंच वाक्य. जेवले नाही.

सोम. १०
अँजेला फोनवर वैतागली. "बावळट, मला कालच फोन करायचा ना. वाट लागली म्हणून बसून राहिलीस." मग सांगत गेली, मी करत गेले. कीबोर्डचं एक जास्तीचं पॅकेज नेटवरून घ्यायचं, की यादीत मराठीचे कितीतरी प्रकार येतात. त्यात एक टाइपरायटरचा.

लावला. टाइप केलं, शैला. शैलाच आलं.

मग कुणाला ऐकते. अख्खी पत्रिका एका बैठकीत. नमो बुद्धाय, मंगल परिणय, दिवंगत आजोबांच्या नावाआधी कालकथित, श्री.-सौ.ऐवजी आयु., मामा-काका, निमंत्रक, सगळं. बोटं वाऱ्यासारखी पळाली. डेस्कटॉपवर सेव्ह केली.

दुपारी घरातल्या सगळ्यात थोरल्या सोनाआत्यांना फोनवर वाचून दाखवली. आत्यांना लिहितावाचता येत नाही, पण छापायच्या आधी पत्रिका त्यांनी ऐकायची, हा आमच्याकडचा नेम. मागे एका लग्नात एका मामाचं नाव राहिलं, तो जेवायच्या पंगतीतून उठून गेला. तेव्हापासून. आत्या म्हणाल्या, "झ्याक." मशीन बंद केलं. घरभर गुणगुणत फिरले.

मंगळ. ११
पत्रिका नाही.

हिरवा पेन ड्राइव्ह लावला, चालू केलं, डेस्कटॉप कोरा. टाइपरायटरचा कीबोर्डही गायब. अँजेला आधी हसली. मग म्हणाली, "अगं, मशीनला हात लागत नाही म्हणाले होते ना? म्हणजे कशाचीच आठवण ठेवत नाही ते. पाहुणी आहे ती अजून. घरात घेतलीस की लक्षात ठेवेल."

मला वाटलं, हात लागत नाही म्हणजे काही बिघडत नाही. काही राहतही नाही, हे कुठे कळलं. आता आत्यांना परत सांगायचं. लाज.

बुध. १२
आत्यांना फोन केला. रागावल्या नाहीत. उलट म्हणाल्या, "गेली ते बरं झालं. परवा ऐकली तवाच कायतरी उणं वाटलं हुतं. पोरीच्या आईचं नाव कुठं हाय त्यात? नऊ म्हैने पंडितानं वागवली का काय?"

म्हटलं, मग तेव्हाच का नाही बोललात? "तू लई खुशीत हुतीस."

खरंच नव्हतं. 'आयु. पंडित यांची कन्या' असंच टाइप केलं होतं मी. वंदनावहिनीने दवाखान्यात नाइट ड्युट्या करून पोरीला वाढवलं, आणि तिचं नाव नाही. मुद्दाम नाही वगळलं. पूर्वीपासून पत्रिका अशीच असते, बोटांना तशीच पाठ. अक्षरांच्या जागा पाठ आहेत म्हणून मी खूश, पण त्याच बोटांना हेही पाठ आहे.

शनि. १५
मिंटला घरात घेतलं. अँजेलाच्या हुकमाने आधी सगळ्या फायलींची कॉपी वेगळ्या पेन ड्राइव्हवर. मग मशीनने विचारलं: विंडोज पुसून टाकू, की शेजारी राहू? माझं बोट थांबलं. जुन्या पत्रिका सगळ्या तिकडे, जुन्या सॉफ्टवेअरमध्ये. मिंटमध्ये उघडल्या तर अक्षरांच्या जागी किडामुंगी दिसते. शेजारी राहा म्हटलं.

पत्रिका पुन्हा टाइप केली. 'आयु. वंदना व आयु. पंडित यांची कन्या.' आत्यांना वाचून दाखवली. बंद केलं, चालू केलं, आहे. परत बंद केलं, चालू केलं. आहे. दि. म्हणाला, "आता झोपू दे तिला." छापायला पाठवली.

मोठं ओझं उतरलं. दुपारी चक्क झोप लागली.

रवि. २३
वहिनी स्वतः पत्रिका द्यायला आमच्याकडे मुलुंडला आली. नावावर बोट ठेवून म्हणाली, "मशीनने आपोआप टाकलं का गं हे?" म्हटलं, नाही, मी. सोनाआत्यांनी सांगितलं. तिने एक पत्रिका पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली. जाताना सांगून गेली, दवाखान्यातल्या दोघींना पत्रिका करून हव्यात, तुझा नंबर दिलाय. मयूरीला कळवलं. लॅपटॉपचा विषय तिने काढला नाही, मीही नाही.

वहिनी गेल्यावर मुद्दाम विंडोजमध्ये गेले. चालू करताना मशीन विचारतं, कुठे जायचं. थोडा वेळ थांबतं आणि काही नाही सांगितलं तर मिंटमध्ये जातं. आज यादीत खाली जाऊन विंडोज निवडली. चहा झाला, कप धुतला, मग उघडली. मयूरीच्या लग्नाची पत्रिका शोधली.

'आयु. दिलीप यांची कन्या.'

मीच टाइप केलेली. तेव्हा आत्यांना वाचूनही दाखवली होती. त्याही तेव्हा काही म्हणाल्या नव्हत्या.

दि. ला हाक मारून दाखवली. चष्मा लावून वाचली. म्हणाला, "दुरुस्त करता येतं का आता?" म्हटलं, झालेलं लग्न?

अँजेलाचा मेसेज आलाय: विंडोज पुसलीस का गं? जागा मोकळी होईल. उद्या सांगते म्हणून कळवलं.