कलशात टाकलेल्या गोळ्या

धुळे, १ डिसेंबर २०२५

प्रिय हेमलता,

दिवाळीनंतरच्या पत्रात मी तुला लिहिलं होतं की गोळ्या सोडून, नुसत्या योगासनांनी आईची साखर दोनशे चाळीसवरून एकशे तीसवर आली. त्यात दुरुस्ती कर. आकडे खरे आहेत. ‘गोळ्या सोडून’ हे खोटं आहे.

एकवीस दिवसांचं ते शिबिर घेणाऱ्या वना सरांचं मी किती कौतुक केलं होतं! स्वादुपिंड म्हणजे बंद पडलेली मोटर, ती कपालभातीने चालू होते, असं हा माणूस माइकवरून सांगतो. विहिरीच्या मोटरीलाही वायरमन बोलवावा लागतो, हे समोर बसलेल्या चारशे खान्देशी माणसांपैकी एकालाही सुचलं नाही. मलाही नाही, आणि मी म्हणे बी.एस्सी. शेवटच्या दिवशी प्रत्येक आजाऱ्याने आपल्या गोळ्या तांब्याच्या कलशात टाकायच्या आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या, अशी तिथली रीत. आईनेही टाकल्या; शिबिराच्या पहिल्या दिवसापासून ती त्या घेतच नाही, असं मी धरून चालले होते. मग माइक माझ्या हातात आला आणि पुढे तुला पत्रात लिहिलं तेच सगळं मी तिथे बोलले. त्या टाळ्यांनी मला किती बरं वाटलं होतं, ते आठवलं की स्वतःचीच किळस येते.

गेल्या आठवड्यात हळदीच्या डब्यामागे आईच्या साखरेच्या गोळ्या सापडल्या. कलशात तिने तापाच्या गोळ्यांचं मुदत संपलेलं पाकीट टाकलं होतं. “गोयी मी कधी सोडीच नही, माय,” एवढंच म्हणाली आणि भाकरी थापायला लागली. चौथी शिकलेली बाई, सर्टिफिकेटवाल्या सरांना आणि डिग्रीवाल्या लेकीला पुरून उरली.

आसनांवर माझा राग नाही. आईचे गुडघे मोकळे झालेत, झोप लागते, आणि सकाळी वेळेवर उठते म्हणून गोळीही चुकत नाही. डॉक्टर म्हणाले, दोन्ही चालू ठेवा. पण एवढ्या साध्या गोष्टीला टाळ्या कोण वाजवणार?

लहानपणी मी शेजारच्या बेबाबाईंची खोटी चहाडी केली, तेव्हा माझ्या वडिलांनी, नानांनी, मला बेबाबाईंच्याच ओट्यावर, साऱ्या गल्लीसमोर उभं केलं होतं. चूक जिथे केली तिथेच जाऊन पुसायची, ही त्यांची शिकवण. तेव्हापासून कितीही नको वाटलं तरी मी जाते.

काल तुझा मेसेज आला. तुझ्या लताकाकूंनी माझं पत्र वाचून वना सरांच्याच पारोळ्याच्या शिबिरात नाव घातलं आणि समारोपाला त्या इन्सुलिन कलशात टाकणार आहेत, हे वाचून मी तुला लगेच फोन केला आणि खरं काय ते सांगितलं. पण काकूंचं तुला एकच उत्तर: फोनवरचं काय खरं, दीपमालाने स्वतःच्या हाताने लिहिलंय. म्हणून हेही हाताने लिहिते आहे. त्यांना दोनदा वाचून दाखव. आसनं खुशाल करू देत, पण इन्सुलिन एकदाही चुकवू देऊ नकोस. मी आईला घेऊन येते आहे, तिच्या गोळ्यांसकट. वना सर माइक देणार नाहीत; न देवोत. कलश पुढे येण्याआधी मी उभी राहून बोलणार आहे, त्याच समारोपात, येत्या रविवारी, ७ डिसेंबरला.

तुझीच, खोटं बोललेली,
दीपमाला