परत ओढलेलं तबक

राजारामपुरी, कोल्हापूर
२२ एप्रिल २०२५

चि. अमोस यास,
अनेक आशीर्वाद आणि ख्रिस्तामध्ये सलाम. वि. वि.

आशीर्वाद लिहिले ते सवयीनं. मनात आज दुसरंच आहे. फॅमिली ग्रुपमधून तू बाहेर पडलास, फोन उचलत नाहीस, म्हणून कित्येक वर्षांनी पोस्टाचं पाकीट आणलं. निदान कागदावर तरी तुला मधेच लाल बटण दाबता येणार नाही.

परवा ईस्टरला भर उपासनेत तू जे केलंस ते मी जन्मात विसरणार नाही. सहा महिन्यांपूर्वी तू आपलं देऊळ सोडून जयसिंगपूरच्या त्या फेलोशिपमध्ये गेलास, कृष्णेत बुडी मारून दुसऱ्यांदा बाप्तिस्मा घेतलास, तेव्हा मी गप्प बसले होते. निदान अप्पांसमोर तरी. आईनं तुला दोन महिन्यांचा असताना पाळकसाहेबांच्या हातात दिलं, डोक्यावर पाणी पडल्यावर तू देऊळ डोक्यावर घेतलंस, मी बारा वर्षांची होते, मला लख्ख आठवतंय. तो बाप्तिस्मा खोटा होता का? मग आईही खोटी आणि तिच्या प्रार्थनाही खोट्या. असंच शिकवतात का तुझ्या फेलोशिपचे ब्रदर?

तरी अप्पांनी बोलावलं म्हणून तू मंडळींना घेऊन सणाला आलास, ते बरं वाटलं. पंच कमिटीचा नियम तुला ठाऊक होताच: दुसऱ्या मंडळीत बाप्तिस्मा घेतलेल्याला आपल्या देवळात प्रभुभोजन नाही. मला वाटलं होतं, सणाच्या दिवशी आकाराम मास्तर डोळेझाक करतील. पंच झाले म्हणून काय झालं, तुला अंगाखांद्यावर खेळवलेला माणूस. त्यांनी भाकरीचं तबक आपल्या ओळीत आणलं, अप्पांपुढे धरलं, माझ्यापुढे धरलं, आणि तुमच्यापाशी येताच असं मागं ओढलं, जणू विटाळ होणार होता. माझ्या अंगाची आग झाली. माझा तुकडा मी मोडला आणि अर्धा तुझ्यापुढे केला. सगळं देऊळ बघत होतं. आणि तू? हात जोडलेस, उठलास, बायकोला घेऊन चालता झालास! मास्तरांनी तुझा अपमान केला आणि तू माझा केलास.

अप्पांनी आपला तुकडा तोंडात घातलाच नाही. मुठीत धरून बसले. घरी आल्यावर ती मूठ मला उलगडावी लागली. तेव्हापासून एक शब्द बोललेले नाहीत. ब्याऐंशी वर्षांच्या बापाची काय दशा केलीस बघ.

कळावे. इथं लोभ असू दे असं लिहायचं असतं. आज हात वळत नाही.

तुझी आक्का,
दबोरा


शिरोळ
२९ एप्रिल २०२५

ती. आक्का हिस,
सप्रेम सलाम वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि गॅरेजमधल्या तेलकट बोळ्यांच्या डब्यात टाकलं. मग काढलं, पुसलं, पुन्हा वाचलं. ट्रॅक्टर दुरुस्तीला लावून माणसं खोळंबली होती, तरी वाचलं.

आईला मधे आणू नकोस. पाण्यात उतरताना मी तिचीच आठवण काढली होती. दोन महिन्यांचा असताना मला कुणी विचारलं नव्हतं. पंचेचाळिशी उलटल्यावर मला स्वतःच्या तोंडानं होय म्हणायचं होतं, एवढंच. त्यात आई कशी खोटी ठरते?

आता तुझ्या अर्ध्या तुकड्याचं बोलू. ओळीत कोण कुठं बसलं होतं ते आठव. आधी अप्पा, मग तू, मग दानेश्वरी, मग मी. तबक मागं ओढलं ते आम्हा दोघांपुढून. तू तुकडा मोडलास आणि तुझा हात तिच्या मांडीवरून माझ्याकडे आला. तिच्यावरून, आक्का! वाटेत एखादी रिकामी खुर्ची असावी तसा. आपल्या देवळात ती पहिल्यांदाच प्रभुभोजनाला बसली होती. आदले तीन दिवस मला विचारत होती, की तुकडा उजव्या हातानं घ्यायचा की दोन्ही हातांनी. तिनं प्रभूला मानलं, माझ्याबरोबर पाण्यात उतरली, ते स्वतःहून, मी एका शब्दानं कधी सांगितलं नाही. लग्नाला चार वर्षं झाली. तुझ्या पत्रात ती ‘मंडळी’ आहे, ‘बायको’ आहे. एकदा तरी नावानं हाक मारलीस का?

तिचे वडील बाळाप्पा लिंगायत, कपाळावर भस्म लावून आमच्याकडे येतात, मांडी घालून जेवतात. तू चार वर्षांत आमच्या घरचं पाणी प्यायलेली नाहीस. मास्तरांनी ओढलेलं तबक तुला लगेच दिसलं.

अप्पांना माझा सलाम सांग. त्यांच्यासाठी जीव तुटतो. तुझ्यावरचा राग मात्र आहे तसाच आहे. लोभाचं तू लिहिलं नाहीस, मीही लिहीत नाही.

अमोस


राजारामपुरी, कोल्हापूर
६ मे २०२५

चि. अमोस यास,
सलाम वि. वि.

तुझं पत्र आल्यापासून मी घरातली भांडी आपटते आहे. तू खोटं लिहिलं असतंस तर बरं झालं असतं. तिच्यावरून हात नेला, हे खरं आहे. त्याची लाज मला तुझ्यापुढे मांडायची नाही. तुझा तो मान नाही.

पण म्हणून तू साधू होऊन बसू नकोस. मला कमिटीनं अठरा तारखेला बोलावलंय. मी प्रभुभोजनाची शिस्त मोडली म्हणे, लेखी माफी हवी आहे. माझ्यावर ही वेळ आली ती तुझ्यापायी. तर आता माझं एक काम कर. पुढच्या रविवारी मी तुझ्या फेलोशिपमध्ये येऊन बसले, तर तुझे ब्रदर मला भाकर देतील का? कृष्णेत न बुडवता? तुझ्या तोंडानं त्यांना विचार आणि काय म्हणाले ते जसंच्या तसं कळव. ख्रिस्ताचं शरीर एक आहे असं तुम्हीही गाता, आम्हीही गातो. मग त्याचे तुकडे करून जो तो आपलाच तुकडा अख्खा म्हणून का मिरवतो?

अप्पा आता ‘हं’ एवढं म्हणतात. जेवण निम्म्यावर आलंय. तू येऊ नकोस. उत्तर मात्र पाठव.

आक्का


शिरोळ
१४ मे २०२५

आक्कास्नी दानेश्वरीचा नमस्कार आणि सलाम.

मला तुमच्यागत पुस्तकी लिवाय येत न्हाय. लग्नात मी ‘पाणी घेऊन येतो’ म्हटलं, तवा तुम्ही चार बायकांत म्हणालासा की बाईमाणसानं ‘येते’ म्हणावं. आमच्याकडं बायकाबी ‘येतो’च म्हणत्यात. त्या दिवसापासनं तुमच्यापुढं मी तोंड उघडलं न्हाय. आज उघडतो.

ह्यांनी ब्रदरना इचारलं. ब्रदर म्हणाले, की बहिणीनं आधी पाण्यात उतरावं, मग भाकर. हे घरी आले आणि भरल्या ताटावरनं उठले. तुम्हाला कळवायची ह्यांना लाज वाटती, म्हणून मी लिवतो. म्हंजे तुमच्या देवळात मी चालत न्हाय आणि आमच्या इथं तुम्ही चालत न्हाय. मग बहीणभाऊ भांडताय कशाला? दोन्ही घरं एकाच मापाची हायती की.

आणि एक ह्यांनी तुम्हाला सांगितलं न्हाय. मीच नको म्हटलंतं. तबक मागं गेलं तवा मी मान खाली घातली. मग तुमचा हात माझ्याकडं येताना दिसला, हातात भाकर. मला वाटलं मला देतायसा. मी तळहात पुढं केला. तुमचा हात त्याच्यावरनं पुढं गेला. मी माझा हात तसाच पदराखाली घेतला. ते ह्यांनी बघितलं. म्हणून हे हात जोडून उठले. तुमचा अपमान करायला न्हवं.

मी येशूला मानलं तवा माझा बा आठ दिवस माझ्या दारात आला न्हाय. नवव्या दिवशी जोंधळ्याचं पोतं घेऊन आला. म्हणाला, की देव सोडलास ह्याचं दुःख मला मरंपातूर राहील, पर पोरगी सोडायला मला माझ्या देवानं सांगितलं न्हाय. मग जेवला. माझ्या बाला बायबल म्हाईत न्हाय. तुम्हास्नी तोंडपाठ हाय.

माफ केलं असं मी लिवणार न्हाय. रोज प्रार्थना करतो, तरी व्हत न्हाय. राग उतरत न्हाय. ब्रदरवरबी हाय, तुमच्यावरबी हाय, आणि फेलोशिपमधी गप्प बसून आलेल्या ह्यांच्यावरबी हाय. पर दार उघडं हाय. अप्पास्नी घेऊन या. साधं जेवान करतो. त्याला कुणाच्या कमिटीची चिठ्ठी लागत न्हाय.

तुमची भावजय,
दानेश्वरी


राजारामपुरी, कोल्हापूर
२२ मे २०२५

प्रिय दानेश्वरी,
सप्रेम सलाम वि. वि.

तुझा तळहात मला दिसला नव्हता, असं लिहून मी सुटणार नाही. चार वर्षं तुझ्याकडे न बघायची सवय लावून घेतली होती, म्हणून दिसला नाही. ‘येतो’ आणि ‘येते’चं तर मी विसरूनही गेले होते. शाळेत पोरांच्या वह्या तपासता तपासता माणसंही तपासायला लागले होते मी.

रविवारी कमिटीपुढे गेले. लेखी माफी नेली होती, पण ती तुझ्या नावाची होती. तीच वाचून दाखवली. आकाराम मास्तरांनी टेबलावर हात आपटला. म्हणाले, की बाहेरच्या बाईसाठी घरचा नियम मोडता येणार नाही. मी म्हणाले, की ती बाहेरची असेल तर मीही तिच्याबरोबर बाहेर. ती बसेल त्या ओळीत तबक येईपर्यंत मी प्रभुभोजन घेणार नाही. पाळकसाहेब खाली मान घालून बसले होते. त्यांच्या त्या मानेचाच मला सगळ्यांत जास्त संताप आला. माझा एकतीस वर्षांचा संडे स्कूलचा वर्ग त्यांनी काढून घेतला. बाहेर येऊन चपला घालताना मी लहान मुलीसारखी रडले आणि त्याचाही मला राग आला.

घरी येऊन अप्पांना सगळं सांगितलं. तुझ्या तळहाताचंही. ते महिन्याभरात पहिल्यांदा पूर्ण वाक्य बोलले. कागद दे, म्हणाले. लिहून व्हायला आजचा दिवस उजाडला; त्यांचं पत्र याच पाकिटात आहे. मी ते वाचलं आहे. अमोसला बसवून वाचायला दे.

एकतीस तारखेला, शनिवारी दुपारी आम्ही दोघं येतो. पत्रातली माफी स्वस्त असते, म्हणून इथं मागत नाही. तू वाढलंस तर पोटभर जेवेन. त्यापुढचं तुझ्या मनावर.

तुझी नणंद,
दबोरा


कोल्हापूर
२२ मे २०२५

चि. दबोरा, चि. अमोस आणि चि. सौ. दानेश्वरी यांस,
अप्पांचे आशीर्वाद. वि. वि.

मी बोलत नव्हतो. तुम्हाला वाटलं, दुःखानं. मी भीतीनं गप्प होतो. आकारामनं ज्या नियमानं तबक मागं ओढलं, तो नियम माझा आहे. १९८७ साली मी पंच कमिटीचा सेक्रेटरी होतो. ठराव मी मांडला, वहीत अक्षर माझं आहे.

तो केला मंगळवार पेठेतल्या चिमणाबाईंमुळे. विधवा बाई. मुलगी फार आजारी पडली, तेव्हा दुसऱ्या मंडळीतली माणसं घरी येऊन प्रार्थना करत. आपल्यातलं कुणी गेलं नव्हतं, मीही नाही. मुलगी उठली. चिमणाबाईंनी त्या मंडळीत बाप्तिस्मा घेतला आणि नाताळला मात्र सवयीनं आपल्या देवळात येऊन बसल्या. तबक माझ्या हातात होतं. मी ते मागं ओढलं. तेव्हा मला अभिमान वाटला होता. मंडळी शुद्ध राखली असं वाटलं होतं. त्या पुन्हा आल्या नाहीत. काही वर्षांनी वारल्या; मी मातीलाही गेलो नाही. आकाराम त्या दिवशी माझ्या शेजारी द्राक्षारसाचे पेले घेऊन उभा होता. तो जे शिकला ते माझ्याकडून शिकला. त्याच्यावर रागावू नका असं मी म्हणत नाही. पण आधी माझ्यावर रागवा.

काल रिक्षा करून मंगळवार पेठेत गेलो. ती आजारी मुलगी आता पन्नाशीला आली आहे. तिनं मला लगेच ओळखलं. आत या म्हणाली नाही. दारात उभ्यानं मी सगळं सांगितलं, तिनं उभ्यानं ऐकलं. मग म्हणाली, की आई मरेपर्यंत दर नाताळला पहाटे उठून नवं लुगडं नेसायची आणि घरातच बसून राहायची, कुठल्याच देवळात जायची नाही. म्हणाली, की माफी आईकडे मागायची होती, आईच्या वतीनं देणारी मी कोण? आणि तिनं दार लावलं. आपटलं नाही, सावकाश लावलं. आपटलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

अमोस, तू पुन्हा पाण्यात उतरायला नको होतंस, असं मला अजूनही वाटतं. शनिवारी त्यावरून आपण भांडू. दबोराही भांडेल, तिचा आवाज शेजारच्या गल्लीत जाईल. जाऊ दे. फक्त ताटावरून कुणी उठायचं नाही. मी शुद्ध राहण्यात जन्म घालवला आणि मोठं व्हायचं राहून गेलं. सूनबाई, तुझे वडील शनिवारी असतील तर मला त्यांच्या शेजारी बसव.

ठराव रद्द करा, असा अर्ज आज कमिटीला दिला. आकारामनं तो घेतला आणि न वाचता घडी घातली. पुढच्या बुधवारी मी पुन्हा मंगळवार पेठेत जाणार आहे. दार उघडेल असं वाटत नाही. त्याच्या पुढच्या बुधवारीही जाणार आहे.

कळावे. माझ्यासाठी प्रार्थना कराल, तेव्हा आधी तिच्यासाठी करा. तिचं नाव संयोगिता. ते मला परत निघताना कोपऱ्यावरच्या दुकानदाराला विचारावं लागलं.

तुमचे,
अप्पा