संगमेशची जागा

गडमुडशिंगी

प्रिय शिवांजली,

फोनवर हे बोलता आलं नसतं. अव्वा सारखी शेजारी असते, म्हणून लिहितोय.

तुझ्या भावाची जागा अजून उघडीच आहे. संगमेश मित्रांबरोबर गगनबावड्यापलीकडच्या डोंगरातल्या तळ्यात पोहायला गेला आणि बुडाला असा निरोप आला, त्याच संध्याकाळी भावकीनं मळ्यात समाधीचा खड्डा खणला. सकाळपर्यंत तो सापडेल असं सगळ्यांनी धरलं होतं. तो सापडलाच नाही. खणलेली जागा रिकामी ठेवू नये म्हणतात, पण अव्वा आई आहे त्याची, ती माती लोटू देत नाही. रोज लिंगपूजा झाली की मळ्यात जाते, आत उतरून उसाचा पाला वेचते. पावसाळ्यात तिनं वर पत्रे घालून घेतले. त्या बांधावरून आता गावातलं कुणी जात नाही.

मठातले स्वामी घरी येऊन म्हणाले, त्याचे कपडे ठेवा, विभूती आणि बेल घाला आणि जागा बुजवा. अव्वा त्यांना म्हणाली, "कपड्याला बसवत्यात व्हय समाधीत?" आपण माणसाला बसवून, हातात त्याच्या गळ्यातलं इष्टलिंग देऊन मातीत ठेवतो. त्याचं लिंग तर त्याच्या गळ्यातच गेलं.

गेल्या आठवड्यात मी त्या तळ्यावर जाऊन आलो. एकदा ते पाणी अंगाला लावून बघायचं होतं. शेजारचा आकाराम बरोबर आला. एसटीतून उतरल्यावर रानातून बरीच चढण आहे, माझा दम निघाला. काठावर आकारामनं बैलाचा कासरा माझ्या कमरेला बांधला. "पन्नाशीला आलास मल्लाप्पा. तुला मोकळा सोडाय मी काय खुळा न्हाय," म्हणाला.

आपण विहिरीत पोहणारी माणसं. थंडीत विहिरीचं पाणी कोमट लागतं. पोराला इथंही तसंच वाटलं असणार. वर ऊन होतं, पण खाली गेलो तशी गारठ्यानं छाती आवळली. तोंडातला जप मधेच तुटला. तळ लागला नाही, बुडालेल्या झाडांच्या फांद्या तेवढ्या पायाला लागल्या. आकारामनं ओढून काढलं आणि शिव्या देत देत माझं अंग पुसत राहिला. संगमेश तिथंच आहे आणि वर येणार नाही, हे मला तेव्हा कळलं.

घरी आलो तर अव्वानं एकच विचारलं, "पाणी लई गार हाय का हो?" माझ्यानं खरं बोलवलं नाही. न्हाय म्हणालो, आपल्या विहिरीसारखंच कोमट हाय. पोराला त्रास झाला नाही, एवढं तरी तिच्या मनाला राहील असं वाटलं. ती म्हणाली, "मग येईल की तो. पोहता येतंय त्याला."

तेव्हापासून रात्री दाराला कडी लावू देत नाही. मी दोनदा खरं सांगून बघितलं. खड्डा बुजवायला खोटं बोलताय, म्हणते.

बाळ, सासरी सांगून दोन दिवस ये. तुझं ती ऐकेल. आधी माझ्याबरोबर तळ्यावर चल आणि त्या पाण्यात हात घाल. मग घरी येऊन तिच्यापुढं बस आणि तिला सांग की पाणी फार गार आहे.

तुझाच,
अप्पा